गणपतीला मुलाला वडिलांच्या गावी पाठवावे का?

रत्नागिरी शहरात माहेरी राहणाऱ्या एका भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळले असून पत्रातला मजकूर थोडक्यात येथे दिला आहे.

‘दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या न्यायालयातून आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. आता आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. संमतीच्या अटींनुसार त्याचा ताबा माझ्याकडे आहे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार, मे महिन्याची अर्धी सुट्टी आणि “गणेशोत्सवाची सुट्टी” तो देवगड तालुक्यात वडिलांकडे घालवतो. त्यांची हापूसची बाग आहे. घरात सासूबाई आणि थोरले दीर आहेत. वडिलांचा मुलावर जीव आहे, हे मी नाकारत नाही. परंतु गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आणून सोडतो असे सांगून त्यांनी त्याला अनंत चतुर्दशी उलटल्यावर, म्हणजे चार दिवस उशिरा आणले आणि मधल्या काळात माझा फोनही घेतला नाही. परत आल्यावर मुलगा रात्री अंथरूण ओले करू लागला. एकदा झोपताना म्हणाला, “आजी म्हणता, तुझ्या आवशीनच तुका आमच्यापासून तोडल्यान.” दिवाळीनंतर तो त्रास थांबला. यंदा जुलैअखेर गणपतीवरूनच त्याच्या वडिलांशी फोनवर माझा मोठा वाद झाला आणि त्या रात्रीपासून पुन्हा तेच सुरू झाले आहे. माझा भाऊ म्हणतो, यंदा पाठवूच नकोस. सासूबाई सगळ्यांना सांगतात की मुलगा मोठा झाला की कायद्याने तो बापाचाच. त्यातच मी नोकरी करते त्या पतसंस्थेने मला पनवेल शाखेत बढती देऊ केली आहे. मी काय करावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते: मुलाला पाठवा. तुमच्या भावाचा सल्ला मायेपोटी आलेला आहे, यात शंका नाही. पण तो मानला तर नुकसान तुमचे आणि मुलाचेच होईल. संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाचा, भाग झाल्या की त्या पाळायच्या की नाहीत हे दोघांपैकी एकाला घरात बसून ठरवता येत नाही. आज कागदावर दोष त्यांचा आहे, कारण मुलाला उशिरा आणून सोडले ते त्यांनी. यंदा तुम्ही पाठवलेच नाही, तर त्यांच्या वकिलाला न्यायालयात सांगायला इतकेच पुरेसे होईल की वडिलांनी चार दिवस उशीर केला, पण आईने भेटच नाकारली. आणि तुमची आजची खरी तक्रार त्या एका वाक्याखाली गाडली जाईल. मुलाला मारहाण होते, घरात दारू पिऊन कोणी धिंगाणा घालतो, किंवा ‘आता परत पाठवणारच नाही’ अशी उघड धमकी दिली गेली आहे, असे काही तुमच्या पत्रात असते, तर मी वेगळे सांगितले असते. पण तेव्हाही मुलाला घरी अडवून ठेवण्याआधी न्यायालयात अर्ज करा, असेच म्हटले असते. तुमच्या पत्रात तसे काही नाही. उलट वडिलांचा मुलावर जीव आहे, असे तुम्ही स्वतः लिहिले आहे, आणि रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रात ते वाक्य टिकून राहिले याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

आता गेल्या वर्षी जे घडले ते नीट पाहू. तुमच्या संमतीच्या अटींत ‘गणेशोत्सवाची सुट्टी’ एवढेच लिहिले आहे. ही सुट्टी कोणाची? शाळेची, की घरच्या गणपतीची? शाळा कोकणात गणपतीला सुट्टी देते, पण ती काही दिवसांचीच असते. घरचा गणपती मात्र कुठे दीड दिवसाचा, कुठे पाच, सात किंवा अकरा दिवसांचा, आणि सिंधुदुर्गात काही घरांतून सतरा किंवा एकवीस दिवसांचाही असतो. तुमच्या सासरचा अकरा दिवसांचा दिसतो. विसर्जन न होताच घरातला मुलगा निघून गेला हे त्या घराला रुचणारे नाही, आणि तुम्हीही त्या घरात काही वर्षे नांदलेल्या असल्याने हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून गेल्या वर्षीच्या चार दिवसांत थोडा हट्ट होता, थोडा मोघम शब्दांचा फायदा घेणे होते आणि थोडे खरोखरचे रीतिरिवाजाचे ओढणे होते, असे मला वाटते. फोन न घेणे मात्र कोणत्याही रिवाजात बसत नाही. ते चुकीचेच होते, आणि ते तसे त्यांना शांतपणे, पण लेखी कळवायला हवे.

संमतीच्या अटी लिहिताना दोन्ही वकिलांचे लक्ष बहुधा पोटगी, दागिने आणि फ्लॅट यांवर असते, आणि मुलाच्या भेटीचे कलम शेवटच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात दोन ओळींत उरकले जाते, याचा अनुभव मला अनेक पत्रांतून येतो. हे कलम आता नीट लिहून घ्या. त्यात तारीख घालून चालणार नाही, कारण चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. म्हणून तिथी, वेळ आणि ठिकाण लिहा: हरतालिकेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता अमुक ठिकाणी मुलाला वडिलांच्या स्वाधीन करायचे आणि गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत अमुक ठिकाणी आईकडे परत आणायचे, इतके ते स्पष्ट असावे. त्याच्याच खाली पुढच्या वर्षीचेही लिहा. एक वर्ष मुलगा चतुर्थीपासून गौरीपर्यंत गावी राहील आणि दुसऱ्या वर्षी तो चतुर्थी तुमच्या माहेरी करून उत्तरार्धात गावी जाईल व विसर्जन पाहूनच परत येईल, अशी आलटून-पालटून व्यवस्था मला या घराला शोभेल अशी वाटते. त्यात तिसरी-चौथीच्या वर्गाचे दोन-तीन दिवस बुडाले तर बुडू द्या. कोकणातल्या शाळेत त्या आठवड्यात वर्गात फारशी मुले नसतात आणि गुरुजींचेही अर्धे लक्ष आपल्या गावाकडे असते, हे मी उपहासाने म्हणत नाही.

हे सारे दोघांना मान्य झाले, तर दोघांच्या सह्यांची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, त्याच न्यायालयात दाखल करून अटींत बदल करून घेता येतो. ते सहमत झाले नाहीत, तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली तुम्ही एकट्याही अर्ज करू शकता. मुलाचा ताबा, खर्च आणि शिक्षण याविषयीचे आदेश न्यायालय हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी बदलू शकते, अशी त्या कलमातच सोय आहे. यंदाच्या गणपतीपर्यंत हे सारे होईलच असे नाही. तोवर व्हॉट्सॲपवर एक साधा, शांत संदेश पाठवा, ज्यात तिथी, वेळ आणि ठिकाण असेल, आणि त्यांच्याकडून ‘मान्य आहे’ एवढे दोन शब्द लेखी घ्या. त्या संदेशात गेल्या वर्षीचा उल्लेख एका वाक्यापेक्षा अधिक नको. मात्र हा विषय भावकीच्या बैठकीत अजिबात नेऊ नका. भावकी बांधाचा वाद मिटवते, कारण बांधाला दोन्हीकडचे बोलणे ऐकू येत नाही. मुलाला ते ऐकू येते, आणि बैठकीत त्याच्या आईविषयी कोण काय बोलले हे त्याच रात्री त्याच्या कानावर जाते.

आणखी एक गोष्ट करून पाहा. हरतालिकेच्या दिवशी त्याला घ्यायला त्यांनी रत्नागिरीला यावे, अशी वाट पाहू नका. तुम्हीच त्याला कणकवलीपर्यंत पोहोचवा. आईने स्वतःच्या हाताने वडिलांकडे दिले, असे मुलाने पाहिले की आपण कोणाच्या घरातून उचलून नेले जात आहोत, ही भावना त्याच्या मनात राहत नाही. परतताना हेच वडिलांनी करावे. कोकण रेल्वेची आरक्षणे साठ दिवस आधी उघडतात आणि गणपतीची तर बघता बघता संपतात, शिवाय पावसाळी वेळापत्रक अजून चालूच असते, म्हणून यंदा परतीची वेळ गाडीवर अवलंबून ठेवू नका. एसटी किंवा घरची गाडी गृहीत धरूनच वेळ ठरवा. हस्तांतराच्या वेळी तुमचा भाऊ आणि तुमचे थोरले दीर, दोघेही घरी राहिलेले बरे. पाच मिनिटांचे काम असते. मुलाची पिशवी द्यायची, औषध आणि जेवणाचे सांगायचे, आणि निघायचे. पोटगी थकली असेल, तर तो विषय त्या फलाटावर निघता कामा नये.

तुमच्या सासूबाई जे सांगतात त्याबद्दल थोडक्यात, कारण ही भीती अनेक पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये वडिलांचे नाव नैसर्गिक पालक म्हणून आधी येते, आणि पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही तेथेच म्हटले आहे. त्यावरून लोकांनी परस्पर असा अर्थ लावला आहे की पाच वर्षे पूर्ण झाली की मूल आपोआप वडिलांकडे जाते. तसे काहीही कायद्यात नाही. त्याच कायद्याचे कलम १३ सांगते की पालक नेमताना किंवा जाहीर करताना मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार राहील. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते हे मान्य केले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९७३ मध्ये, रोझी जेकब प्रकरणात मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे बजावले होते. तेव्हा तुमचा मुलगा नऊ वर्षांचा झाला, दहाचा झाला म्हणून ताबा बदलणार नाही. तो बदलायचा असेल, तर वडिलांना अर्ज करावा लागेल आणि आजच्या व्यवस्थेत मुलाचे काय बिघडते आहे हे दाखवावे लागेल.

येथे एक सावधगिरीची सूचना. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ प्रमाणे मूल समजूतदार वयाचे असेल, तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते, आणि अशा वेळी न्यायाधीश बहुधा मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. हे कळल्यावर दोन्ही घरांत मुलाला काय सांगायचे ते शिकवायला सुरुवात होते. आजी एका बाजूने शिकवत असेल, म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूने शिकवू नका. पढवलेले मूल न्यायाधीशांच्या दोन प्रश्नांत ओळखू येते, आणि त्याचा उलटा परिणाम पढवणाऱ्यावरच होतो.

आता मुलाकडे येते, कारण तुमच्या पत्राचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग तोच आहे, आणि तुम्ही तो ओझरता लिहिला आहे. गेल्या वर्षी अंथरूण ओले होणे सुरू झाले तेव्हा तो नुकताच गावाहून आला होता, म्हणून गावात त्याला काहीतरी झाले, असा निष्कर्ष तुम्ही काढलात, आणि त्या वेळी तो स्वाभाविकही होता. पण यंदा तो गणपतीला अजून गावी गेलेलाच नाही. तुम्हीच लिहिता की जुलैअखेर फोनवर वाद झाला त्या रात्रीपासून ते पुन्हा सुरू झाले. त्याला गाव किंवा वडील बोचत नाहीत. ‘गणपती’ हा शब्द निघाला की घरात आवाज चढतात आणि कोणीतरी रडते, हे त्याला बोचते. ज्या सणाची बाकीची मुले महिनाभर आधीपासून वाट पाहतात, त्या सणाची या मुलाला धास्ती वाटू लागली आहे, आणि त्यात दोन्ही घरांचा वाटा आहे. तुम्हाला हे वाचताना वाईट वाटेल. पण यातली चांगली बाजू अशी की फोनवरचा आवाज खाली आणणे तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी ना कोर्टाची गरज आहे ना सासूबाईंच्या परवानगीची. यापुढे त्याच्या वडिलांशी व्यवस्थेचे बोलणे तो शाळेत असताना करा, आणि शक्यतो लिहूनच करा.

तरीही त्याला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ रात्री कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर मनावरचा ताण हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. पण लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि क्वचित मधुमेहही त्यामागे असू शकतो, आणि हे साध्या तपासणीत कळते. तोवर त्याला रागावू नका, ‘एवढा मोठा घोडा झाला तरी’ असे घरात कोणाला म्हणू देऊ नका, आणि सकाळी चादर बदलताना त्याच्यासमोर उसासेही टाकू नका. गावी जाताना त्याच्या पिशवीत गादीवर घालायचे रबरी कापड, दोन जादा चादरी आणि तीन-चार चड्ड्या ठेवा, आणि हे त्याच्या वडिलांना एकट्यांना, फोनवर, आधीच सांगा. गणपतीच्या दिवसांत कोकणातले घर माणसांनी भरलेले असते, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, आणि माजघरात दहा चुलतभावंडे ओळीने झोपतात. तिथे सकाळी सगळ्यांच्या देखत हे उघड झाले, तर आठ वर्षांच्या मुलाला ते वर्षभर विसरता येणार नाही. त्याला आपल्याजवळ झोपवा आणि रात्री एकदा उठवून बाहेर न्या, इतके सांगितले, तर कोणताही बाप ते करील. आणि तुमच्या दोघांत गेल्या दोन वर्षांत झालेले हे पहिले असे बोलणे ठरेल, ज्यात दोघे एकाच बाजूला आहात.

आजीच्या त्या वाक्याचे काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण ते तुमच्या मनात रुतले आहे, हे दिसते. मूल ते पुन्हा म्हणाले, तर आजी खोटे बोलते असे सांगू नका, आणि गप्पही बसू नका. ‘आजीला तुझी खूप आठवण येते म्हणून ती तसे म्हणते. तुझे बाबा आणि मी एका घरात राहायचे नाही, हे आम्ही दोघांनी ठरवले. तू काही केले नाहीस, आणि तू दोन्ही घरांचा आहेस,’ असे काहीसे तुमच्या शब्दांत सांगा, आणि लगेच दुसरा विषय काढा. त्या बाईंनी आपल्या पद्धतीने एक नातू गमावला आहे. तुमच्याशी त्यांचे कसे वागणे होते हा हिशेब वेगळा, आणि तो मुलाकरवी चुकता होणार नाही. मात्र मुलापुढे आईविषयी असे बोलले जाऊ नये, हे त्याच्या वडिलांना सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या विवेक सिंग प्रकरणात, एका पालकाविरुद्ध मुलाचे मन कलुषित करणे कसे घातक असते याचा सविस्तर विचार केला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना तो निकाल माहीत असतो. म्हणून ही सूचनाही लेखीच असू द्या, पण धमकीच्या सुरात नको. मुलाला दोन-तीन महिन्यांत बरे वाटले नाही, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येईल. घरबसल्या बोलायचे असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मे महिन्याच्या सुट्टीविषयी तुम्ही तक्रार केलेली नाही, तरी अटी नव्याने लिहितच आहात, तर तेही पाहून घ्या. आंब्याच्या बागायतदाराला एप्रिल आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा म्हणजे तोडणी, अढी आणि पेट्या भरणे यांत मान वर करायला सवड नसते. सुट्टीचा पहिला अर्धा भाग गावी, असे कलम असेल, तर मुलगा नावाला वडिलांकडे आणि प्रत्यक्षात दिवसभर आजीकडे असतो. उत्तरार्ध वडिलांना द्या. झाडे उतरत आलेली असतात, वडील मोकळे असतात, आणि शाळा जूनच्या मध्याला उघडण्यापूर्वी आठवडाभर आधी तो परत येऊ शकतो.

राहिला पनवेलचा प्रश्न. बढती घ्या की घेऊ नका, हे मी सांगणार नाही. घर चालवणाऱ्या एकट्या बाईला पगारातली वाढ काय असते, हे ती न मिळालेल्या माणसाने सांगू नये. पण एक गोष्ट अजिबात करू नका: मुलाच्या वडिलांना न कळवता, दाखला काढून, दिवाळीच्या सुट्टीत सामान हलवणे. रत्नागिरीहून महिन्यातले दोन शनिवार-रविवार देवगडला जाणे जमते. पनवेलहून ते जमणार नाही, म्हणजे तुम्ही गेलात की आजची भेटीची व्यवस्था आपोआप मोडते, आणि ती मोडल्याचे खापर तुमच्यावर फुटते. आधी त्यांना लेखी कळवा, आणि त्याच पत्रात नवी व्यवस्था सुचवा: दर महिन्याला एक लांब शनिवार-रविवार, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीतला मोठा वाटा, आणि रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूल ज्या पालकाकडे नाही त्याच्याशी त्याचे रोज पाच-दहा मिनिटे बोलणे व्हावे, असे म्हटले आहे. पनवेल असो की रत्नागिरी, हे तुम्ही आजपासूनच सुरू करा. संध्याकाळी साडेसात ही वेळ ठरली की साडेसातला फोन मुलाच्या हातात द्यायचा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जायचे. पनवेलला जाण्यास वडिलांनी हरकत घेतली, तर कलम २६ चा अर्ज करून परवानगीसह जा. शाळेची अडचण येणार नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार एका शाळेतून दुसरीत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला विनाविलंब द्यायचा असतो. पण शक्य असेल, तर पतसंस्थेकडून जूनपर्यंतची मुदत मागा. सहाव्या वर्षी घर बदललेल्या मुलाने आठव्या वर्षी, वर्षाच्या मधोमध, शहर आणि शाळाही बदलावी, हे मला तरी टाळण्यासारखे वाटते.

यंदा ठरलेल्या संध्याकाळी मुलगा परत आला नाही, तर काय करायचे, हेही सांगून ठेवते. त्या रात्री फक्त एक संदेश पाठवा: ठरलेली वेळ काय होती आणि उद्या किती वाजेपर्यंत मूल यावे. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही, तर स्वतः गावात जाऊन दारात वाद घालू नका, भावाला तर मुळीच पाठवू नका. थेट वकिलाकडे जा, आणि त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करण्याविषयी विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून तुम्हाला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती घेता येते. तेथे मध्यस्थीचीही सोय असते. मला विचाराल, तर पुरशिशीचा मसुदा घेऊन दोघांनी आधी तेथेच बसावे, कारण तिथे समोरासमोर बोलताना दोन्ही घरांतली इतर माणसे खोलीत नसतात. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत. पण तुम्हा दोघांना तिथवर जावे लागेल, असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. या आठवड्यात आधी बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, मग मुलाच्या वडिलांना तो तिथी-वेळेचा संदेश पाठवा, आणि त्यांचे उत्तर काय आले ते मला कळवा. पुरशिशीतले भेटीचे कलम कसे लिहावे, याचा नमुना मी त्यानंतर तुम्हाला वेगळा पाठवीन.